गालावरचा नासूर आणि दाढेचे मूळ

(आपल्या मंडळीच्या रविवारच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानासाठी मी दातांच्या निगेविषयी बोलावे, अशी सूचना विश्वस्तांनी केली होती. ती मी स्वीकारली, परंतु तिला थोडे वळण दिले आहे. दात दोन वेळा घासावेत आणि गोड बेताने खावे, हे इथे बसलेल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. रोश हशानाच्या दिवसांत चिकाचा हलवा समोर आला की ते कोणाच्याच ध्यानात राहत नाही, ही गोष्ट वेगळी. मी बोलणार आहे ते दाताच्या अशा एका विकाराविषयी, ज्यात दात पुष्कळदा मुळीच दुखत नाही. लक्षण उमटते ते चेहऱ्याच्या कातडीवर, आणि त्यामुळे रुग्ण दंतवैद्याकडे न जाता भलत्याच दारी जातो. माझ्या व्यवसायाच्या अनेक वर्षांत हा विकार मी फार वेळा पाहिला असे नाही. परंतु ज्या ज्या वेळी पाहिला, त्या त्या वेळी रुग्णाची निदान काही महिने फरफट झालेली होती. म्हणून तो आपल्या घराघरांत माहीत असावा असे मला वाटते.

प्रथम त्याचे स्वरूप सांगतो. हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, गालावर किंवा क्वचित नाकाच्या बाजूला एक लहानशी गाठ येते. ती वाटाण्याएवढी असते, फार तर बोराएवढी होते. तिच्या मध्यभागी बारीक छिद्र असते, किंवा तेथील कातडी आत ओढली जाऊन खळी पडलेली असते. अधूनमधून त्यातून थोडा पू किंवा रक्तमिश्रित पाणी येते, वर खपली धरते, आठ-पंधरा दिवस सारे शांत असते आणि पुन्हा तेच. गोऱ्या कातडीवर ही गाठ लालभडक दिसते, आणि पाठ्यपुस्तकांतील बहुतेक छायाचित्रे तशाच कातडीची असतात. आपल्या सावळ्या वर्णावर ती लाल न दिसता तपकिरी, जांभळट किंवा सरळ काळसर डागासारखी दिसते. आरशात पाहून घरातला माणूस म्हणतो, पुटकुळी आहे, जाईल. ती जात नाही. आपल्या भाषेत अशा वाहत्या छिद्राला नासूर म्हणतात, आणि जुन्या वैद्यकात नाडीव्रण. नाडी म्हणजे नळी. हा शब्द मला फार योग्य वाटतो, कारण कातडीवर दिसते ते केवळ नळीचे तोंड असते. नळीचा उगम आत, दाताच्या मुळाशी असतो.

एक उदाहरण सांगतो. इथे न्यू जर्सीत संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करणारा तिशीतला एक तरुण माझ्याकडे आला. हनुवटीच्या मधोमध गाठ होती. दाढीच्या केसाचे मूळ आत वळले असावे, असे प्रथम त्याला सांगण्यात आले. मग गोळ्या झाल्या, मलम झाले. मग कातडीखालची गाठ समजून ती कापून काढण्यात आली. टाके सुकले, आणि दीड महिन्याने त्याच जागी पू आला. दुसऱ्यांदा कापण्यापूर्वी कोणीतरी त्याला दात तपासून घेण्यास सांगितले, म्हणून तो आला आणि खुर्चीत बसताक्षणी म्हणाला, “डॉक्टर, माझे दात उत्तम आहेत. एकही भरलेला नाही.” ते अगदी खरे होते. कीड कुठेच नव्हती. मात्र खालच्या पटाशीच्या दातांपैकी एक शेजाऱ्यांपेक्षा किंचित करडा होता. लहानपणी कधी तोंडाला मार लागला होता का, असे मी विचारले. थोडा वेळ आठवून तो म्हणाला, “ठाण्याला बिल्डिंगच्या आवारात क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दोन दिवस दुखले आणि राहिले.” दात राहिला, पण आतून मेला होता. वीस वर्षांनी त्याने हनुवटीतून आपली खबर दिली.

हे कसे घडते ते समजून घेणे कठीण नाही. दाताचे बाहेरचे कवच दगडासारखे कठीण असले, तरी त्याच्या पोटात एक मऊ गर असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणारे तंतू असतात, आणि ते सारे मुळाच्या टोकावरील सुईच्या अग्राएवढ्या वाटेने आत येते. कीड खोल गेली, दाताला चीर पडली किंवा जोराचा मार बसला, तर हा गर मरतो. मेलेल्या गरात जंतू वाढतात आणि त्यांचे विष मुळाच्या टोकातून भोवतालच्या हाडात झिरपते. शरीर तेथे आपली फौज पाठवते, हाड थोडे झिजते आणि पोकळीत पू साठतो. पू साठला की त्याला वाट हवी असते. पाण्याप्रमाणे तोही जिकडे अडथळा कमी तिकडे जातो.

बहुतेक वेळा ही वाट हिरडीत फुटते. हिरडीवर पुळी येते, फुटते, तोंडात खारट चव येते, आणि माणूस चूळ भरून विसरून जातो. मग काहींच्या बाबतीत ती कातडीवर का फुटते? याचे उत्तर गालाच्या आणि हनुवटीच्या स्नायूंत आहे. हे स्नायू जबड्याच्या हाडाला एका विशिष्ट रेषेवर चिकटलेले असतात. खालच्या दाढेचा पू हाड फोडून त्या रेषेच्या वर बाहेर पडला, तर तो तोंडाच्या आत येतो. रेषेच्या खाली पडला, तर स्नायूच्या पलीकडे, कातडीच्या बाजूला जातो. वरच्या जबड्यात हेच उलट समजावे. ज्याच्या दातांची मुळे लांब, त्याचा पू या रेषेच्या पलीकडे जाण्याचा संभव अधिक. म्हणजे तोंडात की चेहऱ्यावर, हा निर्णय कधी कधी दोन-चार मिलिमीटरच्या फरकाने होतो. कातडीवर फुटणाऱ्या नासुरांपैकी सुमारे ८० टक्के खालच्या जबड्याच्या दातांपासून निघतात. हनुवटीवर असेल तर खालचे पुढचे दात पाहावेत, जबड्याच्या कडेला किंवा गालाच्या खालच्या भागात असेल तर खालच्या दाढा पाहाव्यात. वरच्या सुळ्याचे मूळ सर्वांत लांब असते, त्याचा पू नाकाच्या बाजूला, थेट डोळ्याच्या कोपऱ्याजवळही येऊ शकतो.

आता दात दुखत का नाही, हा प्रश्न राहतो. दुखणे उत्पन्न होते ते दाबामुळे. कोंडलेल्या पुवाचा ठणका काय असतो, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. परंतु नळीला तोंड फुटले की दाब उतरतो आणि ठणका थांबतो. शिवाय गर मेलेला असल्यामुळे थंड-गरम लागण्याचीही सोय उरत नाही. म्हणून रुग्ण शपथेवर सांगतो की माझ्या दाताला काहीही नाही, आणि वैद्यही त्यावर विश्वास ठेवतो.

या ठिकाणी एक जुना आधार सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी सुश्रुतसंहितेतील मुखरोगांचा भाग आम्हांला वाचून दाखविला होता. दाताच्या मुळाशी होणाऱ्या रोगांत सुश्रुताने दंतनाडीचे पाच प्रकार मोजले आहेत. चिकित्सेच्या भागात त्याचे म्हणणे असे की, ज्या दातापासून नाडी निघाली असेल तो दात काढावा, आणि दाताची उपेक्षा केली तर ती नाडी जबड्याचे हाड निश्चितपणे भेदते. वरचा दात काढताना रक्तस्राव फार होतो, असा इशाराही त्याने दिला आहे. सुश्रुताजवळ क्ष-किरण नव्हते. तरीही छिद्राकडे न पाहता छिद्राच्या उगमाकडे पाहावे, एवढे त्याला स्पष्ट दिसले होते. आज दात काढण्याऐवजी पुष्कळदा वाचविता येतो, हा मोठा फरक पडला. विचाराची दिशा मात्र तीच आहे.

निदान चुकते ते कोणाच्या अज्ञानामुळे असे मी म्हणणार नाही. या गाठीसारख्या दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: साधे केस्तूड, कातडीखालची गाठ, आत वळलेला केस, लाळेच्या ग्रंथीचा नासूर, बुरशीसारख्या जंतूंचा एक जुनाट विकार, क्षयाची गंडमाळ आणि कातडीचा कर्करोग. यांपैकी कोणती शंका प्रथम यावी, हे वैद्य कोणत्या देशात बसला आहे यावरही ठरते, असे माझे निरीक्षण आहे. मुंबईत मानेच्या वरच्या भागात वाहणारे छिद्र दिसले की वैद्याच्या मनात क्षय येतो, आणि तेथे क्षयाचे प्रमाण पाहता ते योग्यच आहे. अमेरिकेत कातडीचा कर्करोग फार आढळतो, म्हणून इथे प्रथम तुकडा काढून तपासणीला पाठवितात. म्हणून पहिली शंका कोणतीही असो, दुसरी शंका दाताची असावी, एवढेच माझे मागणे आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. चेहऱ्यावरची न भरणारी प्रत्येक जखम दाताचीच असते असे नाही. विशेषतः ज्यांनी पुष्कळ वर्षे मशेरी लावली किंवा तंबाखू चघळला, त्यांच्या तोंडातला किंवा गालावरचा व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर कर्करोगाची तपासणी टाळू नये.

दंतवैद्य काय करतो ते आता थोडक्यात सांगतो. तो गालाच्या आतून एक बोट आणि बाहेरून एक बोट ठेवून चाचपतो. गाठीपासून जबड्याकडे जाणारी दोरीसारखी नळी पुष्कळदा हाताला लागते. ती दाबली की छिद्रातून पू येतो. मग प्रत्येक दाताला थंड लावून कोणता दात प्रतिसाद देत नाही हे पाहिले जाते. क्ष-किरणात मेलेल्या दाताच्या मुळाभोवती काळी छटा दिसते. तरी शंका राहिली, तर गटापर्चाची बारीक काडी बाहेरच्या छिद्रातून अलगद आत सरकवून पुन्हा क्ष-किरण घेतात. ती काडी चित्रात पांढरी उमटते आणि तिचे टोक नेमके दोषी मुळाजवळ जाऊन थांबते. ही युक्ती मी जितक्या वेळा केली, तितक्या वेळा रुग्णाला ते चित्र मुद्दाम दाखविले, कारण त्यानंतर समजावून सांगण्याचे श्रम पडत नाहीत.

उपचार दोनच: दात वाचविण्यासारखा असेल तर मुळाची नळी स्वच्छ करून भरणे, ज्याला आपण सारेच रूट कॅनाल म्हणतो, आणि नसेल तर दात काढणे. बाहेरची गाठ कापावी लागत नाही. उगम बंद झाला की नळी आपोआप मिटते. साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत छिद्र भरते. त्या तरुणाचे बाराव्या दिवशी भरले होते. हाड भरून यायला मात्र काही महिने लागतात आणि ते क्ष-किरणात पाहत राहावे लागते.

याच संदर्भात प्रतिजैविकांविषयी थोडे रोखठोक बोलतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भारतातून सुटकेसमधून आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या पट्ट्या असतात. कोणाचा गाल सुजला की त्या निघतात, आणि शेजारच्या घरीही पाठविल्या जातात. त्यांनी सूज थोडी उतरते हे खरे, आणि घात तिथेच होतो. मेलेल्या दाताच्या पोटात रक्तप्रवाह नसतो, म्हणून रक्तावाटे जाणारे औषध तेथे पोहोचतच नाही. जंतूंचे ठाणे शाबूत राहते. गोळ्या संपल्या की ते पुन्हा उठते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे की, दातावर प्रत्यक्ष इलाज लगेच होऊ शकत असेल तर अशा बहुतेक दुखण्यांत प्रतिजैविके देऊ नयेत. ताप आला, सूज पसरू लागली, तर गोष्ट वेगळी. हळदीचा लेप, पोटीस आणि लवंगेचे तेल यांना मी विरोध करीत नाही. त्यांनी रात्र निभावते. परंतु बाहेरच्या छिद्रावर पोटीस बांधून ते “पिकविणे” म्हणजे नळीचे तोंड मोठे करणे होय. आणि दुखऱ्या दाढेशेजारी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिने हिरडी भाजते, याहून दुसरे काही साधत नाही.

या देशात वैद्यक आणि दंतवैद्यक ही दोन वेगळी घरे आहेत. १८४० साली बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले, जगातील पहिले, आणि तेव्हापासून शिक्षण वेगळे, दवाखाने वेगळे आणि पुढे विमाही वेगळा झाला. चेहरा मात्र एकच राहिला. कातडीचा खर्च एका विम्यातून निघतो आणि दाताचा दुसऱ्यातून, तोही असला तर. दातांच्या विम्याला वर्षाची मर्यादा असते, बहुधा हजार-दोन हजार डॉलरच्या घरातली, आणि एका दाढेचे रूट कॅनाल व वरची टोपी एवढ्यातच ती संपते. पासष्टीनंतरचा मेडिकेअर १९६५ साली निर्माण झाला, तेव्हापासूनच दातांची नेहमीची कामे त्यातून वगळलेली आहेत. निवृत्त होताना आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तेव्हा दात दुखत असतो.

सर्वांत अवघड स्थिती असते ती सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आई-वडिलांची. एका घरातल्या सासूबाई असेच सहन करीत होत्या. जबड्याच्या कोपऱ्यावरून पू येत होता आणि त्या पदर तिथे धरून बसत. इथला खर्च ऐकून त्यांनी ठरविले होते की परत गेल्यावर पाहू. सुनेने मनात कर्करोग धरला होता, पण सासूबाईंपुढे तो शब्द उच्चारायला ती धजत नव्हती. घरात महिनाभर कोणी मोकळेपणी बोलले नाही. त्या खुर्चीत बसल्यावर मी विचारले, “मावशी, या बाजूची दाढ कधी काढली होती?” त्या म्हणाल्या, “काढली की, अलिबागला. पण मोडली होती, थोडी आत राहिली असं म्हणाले होते.” तो राहिलेला मुळाचा तुकडाच पू करीत होता. तो काढायला अर्धा तास लागला. सूनबाई बाहेर जाऊन जी रडली, ती कशासाठी ते सासूबाईंना कळलेच नाही.

म्हणून सांगणे असे की, आई-वडिलांना बोलावण्यापूर्वी तिकडेच एकदा संपूर्ण जबड्याचा क्ष-किरण काढून घ्यावा. मुंबई, ठाणे, पुणे येथे तो सहज आणि स्वस्तात होतो. बहुतेक प्रवासी विम्यांत दाताच्या जुन्या दुखण्याला जागा नसते. इथे अडचण आलीच, तर दंत महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. न्यूअर्कला रटगर्सचे आहे, मॅनहॅटनमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचे आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी. उत्पन्नाप्रमाणे शुल्क घेणारी सरकारी मदतीची आरोग्यकेंद्रेही आहेत. तिथे जाण्यात कमीपणा मानू नये.

नासुराला मी मघापासून दोष देत आहे, परंतु एका अर्थी तो रुग्णाचा रक्षक असतो. पुवाला बाहेरची वाट मिळाली, म्हणून तो आत गेला नाही. ज्यांना ती वाट मिळत नाही, त्यांचे काय होते याचे एक उदाहरण या देशाने पाहिले आहे. मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत डियामाँटे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा राहत होता. २००७ च्या जानेवारीत त्याचे डोके दुखू लागले. दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, तो काही आठवडे रुग्णालयात होता, आणि २५ फेब्रुवारी २००७ रोजी त्याचा मृत्यू झाला. ती दाढ वेळीच काढण्याचा खर्च सुमारे ८० डॉलर झाला असता, आणि रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या वर गेला, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. कुटुंब गरीब होते, सरकारी विमा मध्येच तुटला होता, आणि आईची धडपड चालली होती ती त्याच्या धाकट्या भावाच्या किडलेल्या दातांसाठी, कारण दुखत त्याचे होते. पुढे २००९ साली मुलांच्या सरकारी विम्याचा कायदा नव्याने संमत झाला, तेव्हा त्यात दातांचे उपचार सक्तीने घालण्यात आले. आपल्या मुलांना आज त्यातून जे मिळते, त्यामागे या मुलाचे मरण आहे.

तेव्हा कोणत्या खुणा दिसल्या की उद्याची वाट पाहू नये, ते नीट ऐकून ठेवावे. जिभेखाली किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक सूज येणे, थुंकी गिळता न येणे, आवाज जाड होणे, तोंड दोन बोटेही न उघडणे, सूज डोळ्याकडे चढून पापणी मिटणे, हुडहुडी भरून ताप येणे. जिभेखालच्या अशा सुजेचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ साली केले. तेव्हा ती बहुधा प्राणघातक ठरे, आणि आजही ती काही तासांत श्वास बंद करू शकते. अशा वेळी दंतवैद्याला निरोप ठेवून थांबू नये, ९११ ला फोन करावा.

हे शुक्रवारी संध्याकाळी झाले तर काय, असे मला इथल्याच एका आजोबांनी विचारले होते. धर्मनिर्णय देणे माझे काम नाही. परंतु आपल्या ज्ञात्यांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तालमूदाच्या अवोदा झारा या भागात शरीरांतर्गत जखमेसाठी शब्बाथ मोडण्याची चर्चा आहे, आणि तिथे “आतले” कोठपासून मोजावे, तर दातांपासून आत, आणि दातही त्यात धरावेत, असा विचार आला आहे. रब्बी योहानान यांच्या हिरड्यांच्या विकाराची हकिकतही तिथेच आहे. तो रोग तोंडात सुरू होऊन पोटात संपतो, म्हणून धोक्याचा मानला गेला. शुल्हान आरूखानेही हीच दिशा धरली आहे. अधिक काही विचारायचे असेल तर रब्बींना अवश्य विचारावे, पण सूज वाढत असताना नव्हे.

आणखी एक मुद्दा आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांसाठी आहे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन अनेक जणी घेतात. ही औषधे चांगली आहेत, त्यांनी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका कमी होतो. परंतु ती घेत असताना दात काढला, तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाडाचा तुकडा मरतो आणि कातडीवर नासूर फुटतो. मायामीचे शल्यतज्ज्ञ रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली याकडे प्रथम लक्ष वेधले. जुन्या लोकांना यात ओळखीचे काही दिसले असते. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी काडेपेटीच्या कारखान्यांतील मजुरांना पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने असाच रोग होई. जबडा कुजून गालातून पू वाहत असे. अमेरिकेने १९१२ साली अशा काड्यांवर भारी कर बसविला आणि तो धंदाच बंद पाडला. आजच्या औषधांत धोका त्या मानाने अगदी अल्प आहे. गोळीच्या मात्रेत तो दुर्मीळ, कर्करोगासाठी देतात त्या मोठ्या मात्रेत अधिक. तरी औषध सुरू करण्याआधी वाईट दात काढून घ्यावेत, आणि नंतर दंतवैद्याला औषधाचे नाव सांगावे. स्वतःच्या मनाने गोळी मात्र थांबवू नये.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथेच देतो.

एका गृहस्थांनी विचारले की, त्वचारोगतज्ज्ञांनी दोनदा गाठ कापली आहे, आता त्यांना दाताचे कसे सांगावे, त्यांचा अवमान होईल. मुळीच होणार नाही. “दाताचा नासूर असू शकेल का, तपासून घेऊ का?” एवढे एक वाक्य पुरेसे आहे. चांगला वैद्य त्याने दुखावत नाही. दंतवैद्याकडे जाताना तपासणीचे जुने अहवाल मात्र बरोबर न्यावेत.

दुसरा प्रश्न एका आईचा होता. मुलीच्या हनुवटीवरचे छिद्र रूट कॅनालनंतर भरले आहे, पण खळी आणि काळा डाग राहिला आहे, आणि हिवाळ्यात लग्न आहे. आपल्या वर्णावर असा डाग उठतोच आणि तो सावकाश फिका होतो. उन्हात जाताना त्यावर सनस्क्रीन लावावे आणि तो खाजवू नये. खळी पडते ती जुनी नळी कातडीला आत ओढून धरते म्हणून. काही महिन्यांत ती थोडी सैल होते. तरी राहिली, तर छोट्या शस्त्रक्रियेने ती नळी मोकळी करून कातडी सपाट करता येते. मात्र दातामागचे हाड भरल्याचे क्ष-किरणात दिसेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, ती करू नये. लग्नाआधी ती बसणार नाही असे मी त्यांना सांगितले. मेंदी आणि हळदीच्या दिवशी त्या जागेवर हळद लावायला हरकत नाही.